जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन : बांधावे, बदलावे की विकावे?

(गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी ऊस वाहतूक करणाऱ्या ट्रॅक्टरमालक शेतकऱ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



मी कृषिविद्येचा शिक्षक. माझा विषय पिकांचा, इंजिनचा नव्हे. तेव्हा हा माणूस आपल्याला ट्रॅक्टरविषयी काय सांगणार, असे आपल्या मनात आले असेल तर त्यात चूक नाही. परंतु उसाच्या शेतीत या दोन गोष्टी वेगळ्या राहत नाहीत. ऊस तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळपाला जावा, अशी शिफारस आम्ही करतो. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्याचे वजन घटते आणि साखरही घटते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तर हे नुकसान फार झपाट्याने होते. म्हणजे रस्त्यात बंद पडलेला ट्रॅक्टर हे एकट्या ट्रॅक्टरमालकाचे नुकसान नसते, ते ऊस पिकविणाऱ्याचेही असते.

दुसरे कारण घरचे आहे. आमच्या थोरल्या बंधूंकडे ३५ अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर होता. वाहतुकीची उचल घेतलेली, दोन ट्रॉल्या जोडलेल्या. चढावर ट्रॅक्टर दमतो म्हणून मिस्त्रीने त्यांना "पंप वाढवून" दिला. महिनाभर ट्रॅक्टर जोरात चालला. मागे काळ्या धुराचा लोट निघायचा आणि बंधू म्हणायचे, "बघा, आता कशी ताकद आली!" जानेवारीच्या मध्यावर भरल्या ट्रॉल्यांसह चढावर पिस्टन धरले आणि इंजिन जागीच बंद पडले. ट्रॅक्टर मागे येऊ लागला. मागून चालणाऱ्या मजुराने मागच्या ट्रॉलीच्या चाकामागे दगड टाकला म्हणून पुढचा अनर्थ टळला. ऊस दोन रात्री रस्त्यावर राहिला आणि हंगामाचा उरलेला काळ उचल फेडण्याच्या विवंचनेत गेला. इंजिन उघडल्यावर कळले की मूळ दोष एअर क्लीनरमध्ये होता. तो कित्येक महिने साफच केलेला नव्हता. इंजिनाला हवा कमी पडत होती, आणि आम्ही त्याला डिझेल वाढवून दिले.

पैसे कमी आहेत, ट्रॅक्टर जुना आहे आणि त्याच्याकडून ओढकाम करून घ्यायचे आहे, तर पैसा कोठे खर्च करावा, एवढाच आजचा विषय आहे.

इंजिन कमजोर झाले आहे, हे आधी सिद्ध करा

ट्रॅक्टर ओढत नाही म्हणजे इंजिन गेले, असे धरून चालू नये. कमी खर्चाच्या गोष्टी आधी पाहाव्यात. त्यांचा क्रम असा ठेवावा.

१) एअर क्लीनर उघडून पाहावा. ऑइल बाथ पद्धतीचा असेल तर तळाच्या वाटीतील गाळ काढून खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे. रबरी नळी चिरलेली नाही ना, तिच्या पट्ट्या घट्ट आहेत ना, हे पाहावे. चिरलेल्या नळीतून धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि नवे लायनरसुद्धा एका हंगामात खाऊन टाकते.

२) डिझेल फिल्टर बदलावेत. टाकीच्या तळाचे पाणी व गाळ काढावा.

३) नोझल काढून चाचणी यंत्रावर तपासून घ्यावेत. फवारा बारीक धुक्यासारखा पडला पाहिजे, थेंब गळता कामा नये.

४) टॅपेटचे अंतर माहितीपुस्तकात दिल्याप्रमाणे आहे का, ते मोजावे.

५) क्लच प्लेट घसरत नाही ना, ब्रेक चिकटलेले नाहीत ना, ट्रॉलीच्या चाकांचे बेअरिंग जाम नाहीत ना आणि टायरमध्ये हवा बरोबर आहे ना, हे पाहावे. ट्रॉलीच्या कमी हवेच्या टायरमुळे वाया जाणारी ताकद इंजिनाच्या नावावर मांडली जाते.

एवढे करूनही ट्रॅक्टर दमत असेल तर इंजिनाकडे वळावे. इंजिन स्वतःच आपले दुखणे सांगते. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त किंवा इंजिनावर ओझे जास्त. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी उतरते आहे. रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील किंवा ऑइल दुधाळ झाले असेल तर हेड गॅस्केट अथवा लायनर तपासावे लागेल. गरम इंजिनाच्या ब्रीदरमधून धापा टाकल्यासारखा धूर येत असेल तर रिंगा व लायनर झिजलेले आहेत. इंजिन तापल्यावर ऑइलचा दाब पडत असेल आणि खालून ठोक ऐकू येत असेल तर क्रँकचे बेअरिंग गेलेले आहेत.

यापुढे मिस्त्रीकडून गेज लावून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एखाद्या सिलिंडरचे कमी आले तर त्यात अगदी थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर दोष रिंगांचा, वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्हचा. या तपासणीला अर्धा दिवस लागतो. तो न घालविता लोक थेट इंजिन खोलतात आणि ज्याची गरज नव्हती तेही बदलून बसतात.

ओढ इंजिनाची की चाकांच्या पकडीची?

आता जरा हिशेब करू, कारण "मोठे इंजिन बसवा" हा सल्ला आपल्याला नेहमी मिळतो.

समजा ट्रॅक्टरचे वजन २ टन आहे आणि उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचे मिळून १३ टन, म्हणजे एकूण १५ टन. डांबरी रस्त्यावर चाके फिरत ठेवण्यासाठी वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे ३०० किलो ओढ लागते. २० फुटांत १ फूट असा चढ आला की वजनाच्या विसाव्या भागाइतकी, म्हणजे आणखी ७५० किलो ओढ वाढते. एकूण १,०५० किलो.

हा चढ ताशी १० किलोमीटर वेगाने चढायचा तर चाकांवर ३९ अश्वशक्ती लागते. गिअरमधील घट धरता इंजिनाची सुमारे ४६ अश्वशक्ती झाली. ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला हे जमणार नाही. परंतु तोच चढ ताशी ६ किलोमीटरने चढायचा तर इंजिनाची सुमारे २८ अश्वशक्ती पुरते. म्हणजे चांगल्या स्थितीतील ३५ अश्वशक्तीचे इंजिन खालच्या गिअरमध्ये हे वजन चढवू शकते. मोठ्या इंजिनाने मिळतो तो मुख्यतः वेग.

पकडीचे काय? अशा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर, ट्रॉलीच्या दांडीचे ओझे धरून, समजा १,८०० किलो वजन येते. कोरड्या डांबरी रस्त्यावर त्याच्या सुमारे ६० टक्के, म्हणजे १,०८० किलो ओढ चाके घसरू न देता मिळते. आपल्याला हवी होती १,०५० किलो. म्हणजे आपण काठावर आहोत. रस्त्यावर चिखल आला, उसाचे पाचट पडले किंवा पावसाची सर आली की चाके फिरतील आणि ट्रॅक्टर जागीच राहील. त्याच ट्रॅक्टरमध्ये ६० अश्वशक्तीचे इंजिन बसविले तरी ही १,०८० किलोची मर्यादा हलत नाही. चाके अधिक जोराने जागच्या जागी फिरतील, एवढेच.

शेतात तर फरक आणखी मोठा आहे. मऊ जमिनीत चाके फिरविण्यासाठीच वजनाच्या सुमारे ८ टक्के ओढ लागते, असे धरू. १५ टनांना ती १,२०० किलो होते, आणि तेथे पकड ४० टक्के धरली तर ७२० किलोच मिळते. म्हणून दोन्ही भरल्या ट्रॉल्या शेतातून एकदम निघत नाहीत. एकच ट्रॉली जोडली तर एकूण वजन साडेआठ टन आणि ओढ ६८० किलो. ती निघते. एकेक ट्रॉली रस्त्यावर आणून तेथे जोडावी, हा जुन्या वाहतूकदारांचा परिपाठ या हिशेबाला धरूनच आहे.

येथे माझ्या विषयातले एक सांगतो. ओल्या रानात वजनदार ट्रॅक्टर आणि भरल्या ट्रॉल्या फिरविल्या की सरी-वरंबा दबतो, खोडक्या चिरडतात आणि पुढच्या खोडव्याचे फुटवे कमी येतात. ऊसतोडीपूर्वी पाणी वेळेत तोडावे आणि ट्रॉलीचा रस्ता एकाच पट्ट्यातून ठेवावा.

पकड वाढविण्याचे स्वस्त उपाय आहेत. मागच्या टायरची नक्षी झिजली असेल तर टायर बदलावेत. मागच्या टायरमध्ये व्हॉल्व्हच्या उंचीपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ टक्के पाणी भरावे किंवा कंपनीने दिलेली लोखंडी वजने लावावीत. ट्रॉली नेहमी खालच्या हुकालाच जोडावी. वरच्या लिंकच्या जागी साखळी बांधून कधीही ओढू नये, पुढची चाके उचलून ट्रॅक्टर मागे पालथा होतो.

मोठे इंजिन का बसवू नये?

ट्रकला लांब लोखंडी चेसिस असते. इंजिन तिच्यावर बसते, म्हणून ट्रकमध्ये दुसरे इंजिन बसविण्याची खटपट करता येते. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरना अशी चेसिस नसते. पुढचा ॲक्सल, इंजिनाचा ब्लॉक, क्लचचे घर, गिअर बॉक्स आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बोल्टने जोडून ट्रॅक्टरचे अंग तयार होते. इंजिन हे त्या अंगाचे एक हाडच आहे. तेथे दुसऱ्या मापाचा ब्लॉक बसविण्यासाठी पट्ट्या जोडल्या, वेल्डिंग केले, तर सांधा एका रेषेत राहत नाही. क्लचचा शाफ्ट तिरका चालतो आणि भार आला की तडा जातो.

समजा सांधा जमला, तरी क्लच प्लेट, गिअर, क्राऊन-पिनियन आणि मागचे शाफ्ट मूळ इंजिनाच्या ताकदीसाठी बनविलेले असतात. जास्त ताकद आली की त्यांतील सर्वांत कमजोर भाग आधी तुटतो. जुन्या इंजिनाला टर्बो लावण्याचा सल्लाही कोणी देतात. टर्बोसाठी पिस्टन, त्यांचे थंडीकरण, हेड गॅस्केट आणि ऑइलचा पुरवठा मुळापासून वेगळा करावा लागतो. जुन्या पिस्टनवर टर्बो लावणे म्हणजे म्हाताऱ्या बैलाला पराणी टोचून पळविणे होय.

पंप वाढविण्याचेही तेच. एका मर्यादेनंतर जादा डिझेलला हवा मिळत नाही. ते धूर होऊन जाते, पिस्टनचा माथा तापतो आणि पुढे काय होते ते मी घरी पाहिले आहे. पंप बसवायचा तर चाचणी यंत्रावर, कंपनीने दिलेल्या मापाला बसवावा. रस्त्यावर स्क्रू फिरवून घेऊ नये.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलाला विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. इंजिन बदलले तर परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदवून घ्यावा. नोंदीतला क्रमांक एक आणि ट्रॅक्टरमधला दुसरा असेल तर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद होतो, आणि तो वाद घरच्या माणसांना निस्तरावा लागतो.

आपल्यापुढील चार वाटा

पहिली वाट : फक्त हेडचे काम. कॉम्प्रेशन व्हॉल्व्हमधून जात असेल तर व्हॉल्व्ह घासून बसविणे, सीट व गाइड पाहणे, हेडची पातळी तपासणे आणि नवे गॅस्केट टाकणे पुरते.

दुसरी वाट : हाफ इंजिन. लायनर, पिस्टन, रिंगा आणि कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बदलणे. क्रँकची मापे ठीक असतील तरच हे करावे. मायक्रोमीटर लावल्याशिवाय "क्रँक चांगला आहे" हे मिस्त्रीचे म्हणणे मान्य करू नये.

तिसरी वाट : फुल इंजिन. क्रँक ग्राइंडिंग, त्या मापाचे मेन व रॉड बेअरिंग, कॅमचे बुश, ऑइल पंप, वॉटर पंप, नोझल व पंपाचे काम. क्रँक पाव मिलिमीटरच्या टप्प्याने घासतात. आधी तो कितव्या मापावर आहे हे विचारावे. शेवटच्या मापावर असेल तर पुढच्या वेळी क्रँकच नवा घ्यावा लागेल, तेव्हा तो खर्च आजच मनात धरावा.

चौथी वाट : त्याच मॉडेलचे जुने इंजिन आणून बसविणे. ब्लॉकला तडा गेला असेल किंवा क्रँक तुटला असेल तर ही वाट स्वस्त पडते. परंतु इंजिन चालू स्थितीत पाहूनच घ्यावे. बिल घ्यावे. इंजिनावरचा क्रमांक स्पष्ट असावा, घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नसावा. क्रमांक खोडलेले इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

ज्यांच्याकडे एचएमटीचे ट्रॅक्टर आहेत त्यांनी एक लक्षात ठेवावे. तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. हे ट्रॅक्टर शेतांत अजून चालतात, परंतु इंजिन खोलण्यापूर्वी लागणारे सुटे भाग गावाजवळच्या बाजारात मिळतात की नाही याची खात्री करावी. उघडलेले इंजिन भागासाठी महिनाभर पडून राहिले तर हंगाम जातो.

बांधावे की नवा घ्यावा?

आकडे प्रत्येकाने आपले घालावेत. मी रीत दाखविण्यासाठी काही धरतो.

समजा फुल इंजिनाला ८०,००० रुपये लागतात आणि त्यानंतर ते ४,००० तास चालते. वर्षाला ८०० तास काम असेल तर ही ५ वर्षे झाली. इंजिनकामाचा बोजा तासाला २० रुपये पडला.

आता नव्या ट्रॅक्टरसाठी ६ लाख रुपये कर्ज, ५ वर्षांची फेड आणि १० टक्के व्याज धरू. पहिल्या वर्षी मुद्दल १,२०,००० व व्याज ६०,००० मिळून १,८०,००० रुपये द्यावे लागतील. ८०० तासांवर हा बोजा तासाला २२५ रुपये होतो. म्हणजे नव्या ट्रॅक्टरने जुन्यापेक्षा तासाला २०५ रुपये जादा मिळवून दिले तरच तो पहिल्या वर्षी बरोबरीला येतो. ज्याच्याकडे वर्षभर भाड्याचे काम आहे त्याला ते जमेल. ज्याचा ट्रॅक्टर हंगाम सोडून उभा असतो त्याला जमणार नाही.

झिजलेले इंजिन तसेच चालविणे मात्र सर्वांत महाग पडते. ते तासाला १ लिटर डिझेल जादा पीत असेल तर हंगामातील ६०० तासांत ६०० लिटर गेले. ९० रुपये दर धरला तर ५४,००० रुपये झाले. एवढ्यात इंजिनकामाचा मोठा वाटा निघतो.

माझा ठोकताळा असा आहे. दुरुस्तीचा एकूण खर्च ट्रॅक्टरच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या आत असेल, गिअर बॉक्स व मागचा ॲक्सल निरोगी असतील आणि भाग मिळत असतील, तर इंजिन बांधावे. गिअर बॉक्सही आवाज करीत असेल तर विकण्याचा विचार करावा. नवा घेताना हेही ध्यानात ठेवावे की १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना कडक प्रदूषण नियम लागू झाले आहेत. त्यांतील इलेक्ट्रॉनिक पद्धतीची इंधन यंत्रणा गावच्या मिस्त्रीच्या पान्याने दुरुस्त होत नाही. तिच्या सेवेची सोय किती लांब आहे, हे आधी विचारावे.

बांधलेल्या इंजिनाचे पहिले ५० तास

नवे लायनर आणि रिंगा एकमेकांना बसेपर्यंत इंजिन नाजूक असते. हंगाम तोंडावर आला म्हणून पहिल्याच दिवशी दोन ट्रॉल्या जोडू नयेत. उलट, तासन्‌तास नुसते धडधडत ठेवणेही चुकीचे, कारण हलका भार नसेल तर रिंगा बसत नाहीत. पहिले ५० तास कुळवणी किंवा एका हलक्या ट्रॉलीचे काम द्यावे. त्यानंतर ऑइल व फिल्टर बदलावेत, हेडचे बोल्ट माहितीपुस्तकातील मापाने तपासावेत, टॅपेट पुन्हा बसवावेत. म्हणून इंजिनकाम दसऱ्याच्या आधी संपवावे. दिवाळीत खोललेले इंजिन हंगामात धड चालत नाही.

शेवटचे, पण पहिल्याने करण्याचे

इंजिन बांधून झाले की ट्रॅक्टर पूर्वीपेक्षा जोरात पळतो. ब्रेक मात्र जुनेच असतात. आपल्या ट्रॅक्टरला ब्रेक मागच्या दोन चाकांनाच असतात आणि २ टनांच्या ट्रॅक्टरला मागून १३ टन ढकलत असतात. वेग ताशी २० वरून ३० किलोमीटर झाला की थांबविण्याचे काम दीडपट न होता सव्वादोन पट होते. म्हणून इंजिनकामाच्या पैशातून ब्रेकचे पैसे आधी बाजूला काढावेत. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल पट्टीने जोडलेले असावेत. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बसवून घ्यावेत. हुकाची पिन झिजलेली नसावी आणि जोडीला साखळी असावी. ज्या गिअरमध्ये चढ चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गिअर काढू नये. ट्रॉलीच्या मागे तांबडे परावर्तक असावेत आणि ते उसाच्या वाढ्यांखाली झाकले जाऊ नयेत. नोंदणीत लिहिले आहे तेवढेच वजन भरावे.

आमच्या बंधूंनी पुढे त्याच ट्रॅक्टरचे इंजिन मूळ मापालाच बांधून घेतले, पंप यंत्रावर बसवून घेतला आणि ट्रॉल्यांना ब्रेक लावले. चढावर तो आजही सावकाश चढतो. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवितो. बंधू त्याला हाताने पुढे जाण्याची खूण करतात आणि आपल्या गिअरमध्ये चालत राहतात. दर रविवारी एअर क्लीनरची वाटी मात्र ते स्वतः उघडतात, मिस्त्रीवर सोडत नाहीत.

आपणही घरी गेल्यावर पहिले काम तेच करावे, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.